धोपाव्याच्या धक्क्यावर आखलेली हॉलंडची सायकल सहल

गुहागरहून दामटत धोपाव्याला पोचलो आणि डोळ्यांदेखत दाभोळची फेरीबोट सुटली. पुढच्या बोटीला पाऊण तास होता. टपरीवर चहा घेत मी वहिनीला आमच्या पहिल्या परदेशी सहलीची वही दाखवली: पहिला दिवस ५० किलोमीटर, दुसरा ६०, तिसरा ५५. तिने पानं उलटली आणि विचारलं, "यात बोटी कुठायत?"

ती वही मी तिथंच फाडली. तुम्हीही सुरुवात किलोमीटरपासून करू नका. कोऱ्या पानावर आधी बोटी आणि रेल्वे लिहा: कुठून, किती वाजता, शेवटची कधी, सायकल घेतात का. मग त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पाय मारायचे. आम्हा खाडीकाठच्या माणसांना हे शिकवावं लागू नये खरं तर. दाभोळची बोट चुकली की चिपळूणचा वळसा, हे लहानपणापासून ठाऊक. पण परदेश म्हटला की माणूस आपली अक्कल घरी ठेवून जातो.

आम्ही हॉलंड निवडलं, कारण चढ नाहीत. सायकल भाड्याने घ्यायची ठरली, त्याला कारण मी. आपलीच न्यायची म्हणून दुकानातून खोका आणला आणि पेडल काढायला बसले. डावं पेडल जितकं पिळावं तितकं घट्ट. शेवटी पान्याने बोट सोलवटलं. दुकानदार हसला, "ताई, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात." पहिल्या सहलीला भाड्याचीच घ्या. मात्र ब्रेक कसले ते आधी विचारा. तिथल्या कित्येक सायकलींना पेडल उलटं मारलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला पेडल मागे फिरवायची सवय, म्हणजे भर चौकात गचका.

भाड्याची सायकल जिथून घेतली तिथंच परत द्यायची, म्हणून आमचं निघायचं आणि परतायचं टोक एकच, रॉटरडॅम. नकाशावर सरळ दिसतं की रॉटरडॅमहून किनाऱ्याने दक्षिणेला फ्लिसिंगेन बंदरापर्यंत सायकलने जावं आणि रेल्वेने परतावं. तसं करू नका. तिथं वारा बहुतेक नैऋत्येचा. तिथला घाट म्हणजे हा वारा. वाटेत ओस्टरस्खेल्डे खाडीवरचा ९ किलोमीटरचा बांध लागतो, १९८६ साली पुरा झालेला. त्यावर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची स्पर्धा भरते, यावरून काय ते समजा. म्हणून उलट करा: आधी सायकलीसह रेल्वेने फ्लिसिंगेन गाठा आणि पाठीवर वारा घेत परत या. या एका बदलाने आमचे गुडघे वाचले.

रेल्वेत सायकलचं वेगळं दिवसाचं तिकीट लागतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६.३० सायकल चढू देत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते, पण गर्दी असते. आम्ही जूनमध्ये गेलो. रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे बोट चुकली तरी घाबरं व्हायला होत नाही. सायकलचं चित्र असलेल्या दारापाशीच उभं राहायचं.

फ्लिसिंगेनला स्टेशनाच्या शेजारीच धक्का. समोर ब्रेस्केन्स, मध्ये खाडी, अगदी आपल्यासारखी. २००३ साली तिथं पाण्याखालून बोगदा झाला आणि मोटारींची बोट बंद पडली. बोगद्यात सायकलला मनाई, म्हणून आता बोट पायी जाणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. दाभोळ-धोपावे बोट सुरू झाली ती त्याच २००३ साली! पलीकडे उतरून स्लाउस गाव, तिथून झाडांच्या रांगेतल्या कालव्याकाठाने बेल्जियममधलं ब्रुज. दोन रात्री तिथं काढून पुन्हा त्याच बोटीने अलीकडे. रस्ता शोधायला चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या असतात. दिवसभरात लागणाऱ्या चौकांचे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवले की मोबाइल खिशातच राहतो.

व्हिसाचं थोडक्यात. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण इतकं ताणू नका. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्काम रद्द करता येतील असेच घ्या. सोबतच्या पत्रात सायकलवर जाणार हे स्पष्ट लिहा आणि नकाशा जोडा, नाहीतर रोज नवं खेडं पाहून वाचणारा बुचकळ्यात पडेल. खाऊ नेताना तुपातले लाडू नकोत. बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत. मेतकूट चाललं, आमसुलं चालली.

आणि निघण्याआधी थंडीत एक रंगीत तालीम घ्या. आमची अशी: धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, मग अलिबागवरून मांडवा आणि रो-रोने भाऊचा धक्का. परत येताना कोकण रेल्वेने चिपळूण. सायकल आपल्या डब्यात नाही, सामानाच्या डब्यात, म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणून पार्सल ऑफिसात लवकर जा, नाव आणि स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, पावती जपा. घरी येऊन पिशव्या ओतल्या आणि वाटेत जे एकदाही हातात घेतलं नव्हतं ते बाजूला काढलं. निम्मं सामान निघालं. त्यात वहिनीची इस्त्री होती.

राहता राहिलं उजवीकडून चालवणं. भर रहदारीत चुकत नाही, समोरचे सांभाळतात. चुकतं ते सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना. म्हणून पहिली दहा मिनिटं मागच्याने "उजवीकडे!" असं ओरडत राहायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण टोक आपल्याकडे करून दिसले, तर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. दहा दिवसांत हे इतकं अंगवळणी पडलं की परतल्यावर गुहागरच्या नाक्यावर मी थेट उजवीकडून शिरले. रिक्षावाला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.