हॉट-स्वॅप डिस्क बदलताना या चुका टाळा

हॉट-स्वॅप म्हणजे सर्व्हर चालू असताना डिस्क काढता येते, एवढंच. कोणती काढायची, हे ठरवणं आपल्याकडेच. रेड-५ (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत, एक डिस्क गेली तरी चालते) मधली एक डिस्क आधीच गेलेली असताना घाईत शेजारची धडधाकट डिस्क ओढली, की डिस्कचा अख्खा संच म्हणजे अ‍ॅरे बसलाच म्हणून समजा.

ही चूक होते नावांमुळे. लिनक्सने 'एसडीसी' नावाची डिस्क खराब दाखवली म्हणून तिसऱ्या कप्प्याला हात घालू नका. डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी ती नावं पडतात. रीबूटनंतर तीच डिस्क 'एसडीडी' होऊ शकते. त्यात बऱ्याच एन्क्लोजरमध्ये (डिस्कचे कप्पे असलेल्या पेटीत) मोजणी ० पासून, म्हणजे 'स्लॉट ३' हा चौथा कप्पा! भरवसा ठेवावा तो सिरियल नंबरवर. 'स्मार्टसीटीएल' या कमांडने तो वाचा. डिस्क पार मेली असेल तर उरलेल्या सगळ्यांचे वाचा आणि कोणता गायब आहे ते बघा. अर्थात जुनी यादी जवळ हवी. म्हणून सर्व्हर लावतानाच ट्रेच्या (डिस्क बसवायच्या सरकत्या चौकटीच्या) तोंडावर सिरियलचे शेवटचे आकडे चिकटवलेले बरे.

मग 'लेडसीटीएल' या कमांडने कप्प्याचा लोकेट (जागा दाखवणारा) दिवा लावा. बॅकप्लेनने (डिस्क ज्यात खोचतात त्या मागच्या बोर्डाने) दाद दिली नाही, तर अ‍ॅरेमधली एखादी मोठी फाइल वाचायला लावा: चांगल्या डिस्कचे दिवे लुकलुकतात, मेलेली गप्प बसते. (स्पेअर, म्हणजे राखीव ठेवलेली डिस्कही गप्पच असते, तेवढं लक्षात असू द्या.)

सापडली तरी लगेच उपसू नका. सॉफ्टवेअर रेड (लिनक्सच सांभाळतं ते) असेल तर 'एमडीएडीएम' या कमांडमध्ये आधी फेल, मग रिमूव्ह, झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर ऑफलाइन, असं करून डिस्क वापरातून काढा. त्यानंतर ट्रे इंचभर सरकवून अर्धा मिनिट थांबा. आतल्या तबकड्या अजून फिरत असतात.

नवी डिस्क घातली, पण रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू होत नाही? कधी कधी ती जुनीपेक्षा थोड्या सेक्टरांनी लहान निघते. लेबलवर दोन्हींकडे '४ टीबी' असलं तरी. दुसऱ्या सर्व्हरमधून आणलेली असेल तर हार्डवेअर रेड कंट्रोलर (रेड सांभाळणारं वेगळं कार्ड) तिला 'फॉरेन', म्हणजे परकी म्हणून बाजूला ठेवतो. डिस्क मुळात दिसतच नसेल, तर बायोसमध्ये त्या साटा पोर्टचं हॉट-प्लग बंद आहे का, ते पाहा.

रिकामा कप्पा उघडा ठेवू नका, ब्लँक ट्रे लावा. नाहीतर हवा तिथूनच आत शिरते आणि बाकीच्या डिस्क तापतात.

रीबिल्ड चालू असताना दुसऱ्या कुठल्याही ट्रेला हात लावू नका. मोठ्या डिस्कला दिवससुद्धा लागतो, लागू द्या.