रोज दोन ओळी: अंगणातल्या पाहुण्यांचा मफलर

आमची आत्या विणताना हाताकडे कधी बघायचीच नाही. मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची, सुया आपल्या चालू, नजर कुंपणावर, आणि मधेच पक्षी दिसला की म्हणायची "आला बघ तुझा दयाळ". मला तेव्हा साधा सुलट टाका घालायला पण जीभ बाहेर काढावी लागायची, त्यामुळे हे म्हणजे जादूच वाटायची. विचारलं तर म्हणे, "अगं हाताला कळतं सगळं, तू कशाला मधे पडतेस." तर खाली लिहितेय त्यातलं अर्धं तिच्याकडून उचललेलं आहे, रंगांची भानगड मात्र माझी.

करायचं काय, तर वर्षभर रोज फक्त दोन ओळी विणायच्या, आणि त्या दिवशी अंगणात (बाल्कनी, खिडकी, काहीही चालेल) सगळ्यात आधी जो कोणी पक्षी (किंवा खार) आला त्याच्या रंगाने विणायच्या. वर्ष संपलं की मफलर तयार.

आधी हिशोब सांगते कारण मला पण आधी वाटलेलं की ३६५ दिवस म्हणजे साडीएवढं लांब होईल. नाही होत. येताजाता सगळ्या ओळी सुलट घातल्या की दर दोन ओळींना एक उंचवटा येतो, आम्ही त्याला सरी म्हणायचो. मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीच्या सुया घेतल्या तर १० सेंटीमीटरमधे साधारण २० सऱ्या बसतात, म्हणजे ३६५ सऱ्यांचे झाले १८२ सेंटीमीटर, बरोबर सहा फूट! रुंदीला ४० टाके घाला, १९-२० सेंटीमीटर होतं. हात सैल असेल तर थोडं वाढेल, म्हणून आधी २० टाके २० सऱ्यांचा एक नमुना विणून मोजा, मी कंटाळा केला आणि पहिला प्रयत्न पन्नासाव्या दिवशी उसवला. लोकर सगळे रंग मिळून अडीचशे ग्रॅमच्या आसपास लागते, पण सगळ्या रंगांची जाडी एकसारखी पाहिजे, घरातल्या उरल्यासुरल्या गुंड्यांमधून एक जाड एक बारीक असं घेतलं तर कडा लाटांसारख्या होतात.

सुयांचं एक. जुन्या सुयांवर नंबर असतो मिलिमीटर नसतात, आणि तो नंबर उलटा चालतो, म्हणजे ८ नंबर ४ मिमीची आणि १० नंबर तिच्यापेक्षा बारीक, सव्वातीन मिमीची. धातूच्या सुया टकटक वाजतात आणि हातातून पडली तर असा आवाज होतो की अख्खं अंगण रिकामं. बांबूच्या घ्या. टाके पण सटकत नाहीत, आणि न बघता विणायचं तर ते फार महत्त्वाचं.

न बघता विणायला जमतं का? जमतं, पण फक्त सगळं सुलट असेल तरच. जाळी, वेण्या वगैरे नक्षी घेतलीत तर पक्षी गेला आणि टाकापण गेला. पहिले चार-पाच दिवस बघूनच विणा, मग डाव्या हाताच्या अंगठ्याने पुढचा टाका चाचपायची सवय लावा, टाका टोकाशी आणून ठेवायचं काम अंगठ्याचं, उजवी सुई फक्त आत शिरते. ओळ संपली की मात्र एकदा खाली बघून टाके मोजायचे, ४० आहेत ना. ३९ असतील तर कुठेतरी एक सुटलाय, तो खाली पळायच्या आधी सेफ्टी पिनमधे अडकवून ठेवा, उचलायचं काम सावकाश आत जाऊन. आत्या तर सऱ्या पण बोटाने मोजायची, अंगठा वरून खाली फिरवत, आणि त्यावरून वेळ सांगायची, "अजून चार सऱ्यांनी मांजर येईल". यायची.

आता बसायचं कसं. रोज एकच जागा आणि शक्यतो एकच वेळ, बाकी काही युक्ती नाही. उजाडल्यानंतरचा पहिला तास दीड तास सगळ्यात चांगला. पहिला आठवडा कोणी फिरकत नाही, मग हळूहळू तुम्ही त्यांच्या लेखी कुंडीसारख्या होता. हातांची छोटी हालचाल चालते हो, तीच तीच होत राहते म्हणून असेल कदाचित, पण मान झटकन वळवली की संपलं. मी पाणी ठेवते, पसरट भांडं, दोन-चार सेंटीमीटरच खोल, मधे एक खडबडीत दगड म्हणजे पाय घसरत नाही. पाणी रोज बदला नाहीतर डास होतात. भांडं अगदी झुडपाच्या बुडाशी नको, मांजर तिथेच दबा धरते, सहा-सात फूट लांब मोकळ्यात ठेवा.

माझी रंगांची यादी अशी आहे: शिंपी पोपटी, बुलबुल लाल (शेपटीखालच्या लाल ठिपक्यासाठी, बाकी तो तपकिरीच), साळुंकी पिवळा कारण चोच आणि पाय, खार करडा, भारद्वाज विटकरी, सातभाई मातकट, कावळा काळा, शिंजीर जांभळा. तुमच्याकडे जे येतात त्यांची करा पण आठ-दहाच्या वर नको, नाहीतर पिशवी उचलवत नाही. शिंजीरने मला चांगलंच फसवलं, विणीचा हंगाम संपला की नराचा जांभळा रंग उतरतो, मादीसारखा मळकट पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. मग जांभळा की पिवळा? मी जांभळाच घातला, पक्षी तोच ना. कोणीच नाही आलं तर पांढरा.

रंग बदलायची एक गंमत. दोन ओळी म्हणजे तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता, त्यामुळे सगळी टोकं एकाच कडेला राहतात, आणि तोच रंग दोन-तीन दिवसांत परत लागणार असेल तर धागा न तोडता कडेने वर नेता येतो. तोडलात तर १५ सेंटीमीटर टोक सोडा आणि त्याच दिवशी मोठ्या सुईने त्याच रंगाच्या सरीत ओवून टाका. त्याच दिवशी!! मी "नंतर करू" म्हटलं आणि शेवटी मफलरला झिपऱ्या आल्यासारखं झालं, दोन रविवार नुसते धागे ओवत बसले. गाठ मारायची नाही, गाठ टोचते आणि कधी ना कधी सुटतेच.

आणि इथे मला शिंपी फार आवडतो. एकदा तो (ती म्हणायला पाहिजे, घरटं बहुतेक मादीच शिवते) माझ्यापासून हाताच्या अंतरावर काम करत होता. कुंडीतल्या रोपाचं एक रुंद पान, त्याच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडलं, कापसासारखा धागा त्यातून ओढला, आणि बाहेरच्या बाजूला तो धागा पिंजल्यासारखा फुगला त्यामुळे मागे सटकतच नाही. कोळ्याचं जाळं पण वापरतात म्हणे धाग्याला, ते मी त्या दिवशी आणताना पाहिलं, चोचीभोवती गुंडाळलेलं. माझ्या दोन ओळी केव्हाच झाल्या होत्या, मी उगाच उसवून परत विणल्या, उठायला नको म्हणून.

आता एक चूक सांगते, ही तुम्ही करू नका. लोकरीचे तुकडे घरट्यासाठी कामी येतील म्हणून मी कुंपणावर लटकवायचे, मला फार छान वाटायचं ते. बुलबुलने नेले पण. मग एका सकाळी पिल्लू घरट्याच्या कडेला लोंबकळताना दिसलं, पायाला लाल धाग्याचा फास. लोकर सहज तुटत नाही, ओली झाली तरी लवकर कुजत नाही, पाय वाढतो तसा फास आवळत जातो. नखं कापायच्या छोट्या कात्रीने धागा कापला, हात इतका थरथरत होता, पिल्लाला परत घरट्यात ठेवलं आणि आत येऊन दार लावून पडद्यामागून बघत बसले. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं सगळे सांगतात पण तसं नसतं, पंधरा-वीस मिनिटांत ती चोचीत अळी घेऊन आली. तेव्हापासून कात्रणांना झाकणाचा डबा, आणि लोकरीचा गुंडा पण झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात. बाहेर ठेवायचंच असेल तर सुकं गवत, काटक्या, नारळाच्या काथ्याचे आखूड तुकडे ठेवा.

शेवटच्या दिवशी टाके बंद करताना एका नंबराने जाड सुई घ्या, नाहीतर ते टोक आवळतं. पहिली धुलाई गार पाण्यात आणि एकटाच धुवा, लाल रंग बऱ्याचदा जातो. पिळायचा नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचा आणि आडवाच वाळवायचा, लटकवला तर पाण्याच्या वजनाने लांबतो.

माझ्या मफलरमधे बरोबर मधे अकरा सऱ्या सलग पांढऱ्या आहेत. नियमाने म्हणजे कोणी आलं नाही, पण खरं तर मीच नव्हते, आत्याजवळ दवाखान्यात होते आणि परत आल्यावर सगळ्या एका बैठकीत विणल्या. तिला दाखवला तेव्हा बोट फिरवत फिरवत ती नेमकी तिथेच थांबली. मोजल्या आणि म्हणाली, "येत असणार गं ते, बघायला कोणी नव्हतं." बाराव्या सरीला खार आहे.