लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी पैसे कसे सांभाळायचे
तुळशीचं लग्न झालं की आपला सीझन सुरू होतो आणि आषाढी एकादशी आली की थंड पडतो, मग दिवाळीपर्यंत चार महिने घरभाडं, गाडीचा हप्ता, मुलांची फी सगळं सीझनच्या पैशातूनच निघतं. म्हणून पहिलं काम, धंद्याचं खातं वेगळं उघडा. सगळे पैसे तिथेच येऊ द्या आणि तिथून दर महिन्याला ठरलेली एकच रक्कम घरच्या खात्यात टाका, मे असो की ऑगस्ट.

ॲडव्हान्स ही कमाई नाही हो! पार्टीने ८० हजारांच्या कामाचे ३० दिले तर त्यातून सेकंड शूटर, ड्रोनवाला, अल्बमची छपाई जायचीये. मी एकदा अशा ॲडव्हान्समधून लेन्स घेतली, तेवढ्यात पार्टीने तारीख पुढे ढकलली आणि अल्बमवाल्याला द्यायला हातात काहीच नाही, रात्रभर झोप नव्हती. तेव्हापासून बाकी पैसे आल्याशिवाय फायनल फोटो देत नाही, आणि हे बुकिंगलाच व्हॉट्सॲपवर लिहून घेतो, तोंडी अजिबात नको.

कॅमेऱ्याचं शटर कधीतरी जाणारच, त्यामुळे प्रत्येक लग्नामागे दोनेक हजार बाजूला टाका. कंपनीचं काम केलं तर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापतात, तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कापलेल्या कराच्या पत्रकात दिसतोय का बघा, रिटर्न भरताना वजा होतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्याच्या आधीच सीएला गाठा.