पिवळी तिळवण ओळखायची कशी आणि फोडणीला वापरायची कशी

पावसात आपल्या गोव्यात रस्त्याकडेला, भाटात, रेल्वेच्या खडीत पिवळ्या फुलांची चिकट झाडं येतात ना, ज्याला सगळे रानमोहरी म्हणतात, ती बहुतेक वेळा पिवळी तिळवण असते. मोहरीची चुलत बहीण म्हणा, कूळ वेगळं पण अगदी जवळचं.

पाकळ्या मोजून काही कळत नाही, दोघींना चारच. पण मोहरीच्या पाकळ्या फुलीसारख्या चारी बाजूंना असतात आणि तिळवणीच्या चारही वर सरकलेल्या, खालची बाजू रिकामी. मग पुंकेसर बघा, मोहरीत 6, त्यातले चार लांब दोन आखूड, तिळवणीत बहुधा दहाच्या वर. पान एका देठावर 3 किंवा 5 दलांचं, म्हणजे छोट्या पानांचं. आणि हात लावा हो, चिकट लागलं नि उग्र वास आला की संपला विषय. आसपास जमिनीलगत रेंगाळत उडणारं, पंखावर काळा ठिपका असलेलं पांढरं सायकी फुलपाखरू दिसलं तर अजून बरं, त्याच्या अळ्या हीच पानं खातात.

एक मात्र नीट बघा. पिवळा धोतरा पण पिवळाच फुलतो आणि त्याचं बी मोहरीत मिसळलं तर ओळखू येत नाही. 1998 ला दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलानं माणसं दगावली. पण त्याची पानं काटेरी, तोडलं की पिवळा चीक. असं झाड दिसलं तर बी घ्यायचंच नाही.

तिळवणीच्या शेंगा उभ्या, बारीक, रेघारेघांच्या असतात, चवथीच्या सुमारास बघत राहायचं. पिवळट तपकिरी झाल्या की उकलायच्या आधी काढा, नाहीतर बी सगळं मातीत. कागदी पिशवीत घालून उन्हात ठेवा, मग चोळून बारीक चाळणीनं चाळा. फवारा मारलेल्या जागेचं नको, गाड्यांच्या रस्त्याकडेचं पण नको.

काही लोक पानांचा रस कानात घालतात, ते करू नका प्लीज, कातडीला फोड येतात त्यानं.

फोडणीला तेल चांगलं तापू द्या, अर्धा चमचा बी टाका, तडतडलं की लगेच भाजी घाला, थांबलात तर कडू होतं. गढवालात याला जख्या म्हणतात आणि बटाट्याला घालतात. मी माडीच्या कंदाच्या कापांना घालते, मोहरीपेक्षा कुरकुरीत लागतं, फक्त हळद कमी टाका.