पुण्यात आलात? आधी गावाकडून चिठ्ठी मागवा

सलाम. दर जूनला नगर, नेवासे, श्रीरामपूर, जालन्याकडून आपली ख्रिस्ती कुटुंबं पुण्यात येतात. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाच्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. महिन्याभरात त्यांच्यापैकी कुणीतरी मला विचारतंच, "ताई, इथं चांगलं चर्च कुठलं?" मी उलट विचारते, "चिठ्ठी आणलीत का?" गॅसचे कागद, शाळेचा दाखला, आधार, सासूबाईंच्या गुडघ्याचे एक्स-रे, सगळं आणलेलं असतं. चिठ्ठी तेवढी राहिलेली असते.

चिठ्ठी म्हणजे गावच्या पाळकांचं, चर्चच्या धर्मगुरूंचं, पत्र. हे कुटुंब आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, सभासद आहे, कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कुणाचं दृढीकरण (मोठं झाल्यावर विश्वासाची जाहीर कबुली) झालंय, एवढंच त्यात असतं. सोबत बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या प्रती घ्या. पुढे मुलाचं लग्न ठरलं की हेच कागद शोधत लोक रात्रीच्या एसटीनं गावाला पळतात.

मी हे एवढं का धरून बसते, ते सांगते. आम्ही १९९९ साली हडपसरला आलो. यांना कंपनीत कायम केलं होतं, मुलगी तीन वर्षांची, सोबत सासूबाई. पहिलं दीड वर्ष आम्ही मुलगी बघायला जावं तशी चर्चं बघत फिरलो. एका ठिकाणी उपदेश फार लांब. दुसरीकडे पेटी-तबला नाही, नुसता कीबोर्ड. तिसरीकडे सगळे एकमेकांशी बोलत होते आणि आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौथं बरं होतं, पण दोन बस बदलाव्या लागायच्या. रविवारी दुपारी जेवताना आम्ही गुण-दोष काढायचो आणि सासूबाई गप्प बसायच्या. एकदाच म्हणाल्या, "बाई, देवाला घर सापडलं का गं आपलं?"

त्या पावसाळ्यात त्या गेल्या. पहाटे चार वाजता. सकाळी कळलं की दफनासाठी पाळकांचं पत्र हवं. यांनी जिथं आम्ही चार-पाच वेळा गेलो होतो तिथं फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "तुम्ही कुठल्या मंडळीचे?" यांना उत्तर देता येईना. तेही चुकीचे नव्हते म्हणा, वहीत आमचं नाव नव्हतंच. पण त्या सकाळी ते फार लागलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या देशस्थ काकूंना त्यांच्या ऑफिसातल्या कुणा ख्रिस्ती बाईंची आठवण झाली, आणि त्या बाईंचे पाळक, ज्यांनी आम्हाला आयुष्यात पाहिलं नव्हतं, भर पावसात स्कूटरवरून आले. ओल्या बाहीनं त्यांनी डायनिंग टेबलावर पत्र लिहिलं. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याच मंडळीत जाऊन बसलो. उपदेश तिथंही लांबच होता.

आता चर्च निवडायचं कसं, ते माझ्या अनुभवानं. रविवारचं अंतर मोजू नका, रविवारी रस्ते मोकळे असतात. बुधवारी संध्याकाळी सातच्या प्रार्थनेला कामावरून परस्पर पोहोचता येईल का, ते बघा. हडपसरहून पिंपरीच्या मंडळीत नाव घातलेली माणसं मला माहीत आहेत. ती सणाला भेटतात. आणि आजारी पडल्यावर पाळकांनाही तुमच्या घरी यायचं असतं, हे विसरू नका.

मग भाषा. कॅम्पातल्या जुन्या देवळांत (चर्चला आपण देऊळच म्हणतो) बऱ्याच ठिकाणी इंग्रजी उपासना असते, मराठीची वेळ वेगळी असली तर असते. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. मुलं म्हणतील, आम्हाला इंग्रजीच बरं वाटतं. एक रविवार त्यांच्यासोबत जा, हरकत नाही. पण दुःखात माणूस कुठल्या भाषेत प्रार्थना करतो, ते लक्षात ठेवा.

नगरकडच्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. आपल्या मंडळ्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या. आपल्याकडे साधं देऊळ, साधी भक्ती. इथं गुरुवार पेठेत पंचहौदच्या देवळात गेलात तर झगा, मेणबत्त्या, गुडघे टेकणं, छापील प्रार्थना दिसतील, आणि वाटेल की आपण चुकून कॅथलिकांत आलो. तसं नाही. ती मंडळी अँग्लिकन वळणाची. पण १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आपल्या नगरकडच्याही आल्या आणि ह्याही. म्हणजे घर एकच, खोल्या वेगळ्या. तुमची चिठ्ठी तिथं चालते. जायचं असेल तर मेट्रोनं मंडईला उतरा आणि चालत जा. कॅथलिक असाल तर नाना पेठेतलं सिटी चर्च आहे, १७९२ सालचं, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. पेशव्यांच्या पुण्यात आपण उपरे, असं कुणाला वाटत असेल त्यानं तिथं एक चक्कर मारावी.

उपासना संपली की लगेच चप्पल शोधू नका. चहाला थांबा. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांपर्यंतच्या मंडळींवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आता कुणी मागत नाही, निर्धास्त प्या. आणि चहाच्या वेळी कुणी बोललं नाही तर कप धुवायला घ्या. खरंच सांगते, आमची ओळख उपदेशानं झाली नाही, सतरंज्या उचलून झाली. सभासद वहीत नाव एका दिवसात लागतं. माणसांच्या तोंडी नाव बसायला काहीतरी काम अंगावर घ्यावं लागतं: मुलांच्या शब्बाथ शाळेचा एक वर्ग, हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशोब, काहीही.

काही ठिकाणांहून मात्र लवकर निघा. पहिल्याच भेटीत दशांशाचं, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याच्या देणगीचं, पाकीट हातात देतात तिथून. तुमचा आधीचा बाप्तिस्मा खरा नव्हता म्हणतात तिथून. औषधं बंद करा, विश्वास ठेवा, म्हणतात तिथून तर धावतच.

विश्वासाचं म्हणाल, तर नवीन शहरात पहिली दोन वर्षं तो फारसा जाणवत नाही. मला तरी नाही जाणवला. भाडं, प्रवेश, कुकरची शिट्टी वेगळी, नळाची वेळ वेगळी. प्रार्थनेला बसलं की डोळ्यांसमोर गावचं देऊळ. अब्राहाम कुठं जायचं ते न कळता निघाला, हे सगळे उपदेशक सांगतात. त्याच्या बायकोनं, सारानं, ते सामान कसं बांधलं असेल, ते कुणी सांगत नाही. पण त्या गोष्टीतलं एक मला उपयोगी पडलं: तो जिथं तंबू ठोकी तिथं वेदीही बांधी. तेव्हा खोकी उघडायच्या आधी पहिल्या रात्री सगळ्यांनी सतरंजीवर बसून एक गीत म्हणा. चर्च सापडेपर्यंत तेच तुमचं देऊळ.

दुसरं म्हणजे एकदा केडगावला जाऊन या, दौंडच्या गाडीनं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. मग मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. मग दुष्काळ आला, पाठोपाठ पुण्यात प्लेग, आणि सगळा संसार केडगावच्या जमिनीवर हलवावा लागला. आठ-नऊ वर्षांत तीन जागा, त्याही आपल्या दोन खोल्यांच्या सामानासारख्या नव्हेत, शेकडो मुलींसकट. तिथल्या आवारात बसलं की हडपसर ते वडगाव शेरी घर बदलल्याचं रडगाणं मला जरा आवरतं घ्यावंसं वाटतं.

मान्नाचं, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं रोज पुरवलेल्या अन्नाचं, तर तुम्हाला ठाऊकच आहे: एका दिवसापुरता गोळा करायचा, जास्त ठेवला की किडे. आमच्याकडे त्या दिवसांत देवानं दिलेला रोजचा वाटा म्हणजे कधी खालच्या काकूंची भाजी, कधी बसमध्ये मिळालेली जागा, कधी एक ओला पाळक. महिन्याचं एकदम कधी मिळालं नाही.

तर आधी चिठ्ठी. गावच्या पाळकसाहेबांना शनिवारी फोन करा, पण दुपारी नको. दुपारी ते उपदेश तयार करत असतात, म्हणजे झोपलेले असतात. चारनंतर करा, आणि पत्रात सासूबाईंचंही नाव घालायला सांगा.