केळीच्या हिशोबावर शिकलेलं फाइल इनपुट-आउटपुट

रावेरला आमच्या घरी केळीची वही असते: तारीख, घड, क्विंटल, भाव. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या १७ व्या आवृत्तीवरच्या ओरॅकल कंपनीच्या परीक्षेची (तेव्हा ९० मिनिटं, ५० प्रश्न, पास व्हायला ६८ टक्के) तयारी करताना ती वही मी टेक्स्ट फाइलमध्ये उतरवली आणि फाइल वाचण्या-लिहिण्याचा हा सगळा भाग त्याच फाइलवर शिकलो. तुम्हीही स्वतःच्या कामाची एखादी फाइल घ्या, फक्त तिची प्रत ठेवून.

मी प्रत ठेवली नव्हती. नवी कापणी नोंदवायला फाइलरायटर (फाइलमध्ये मजकूर लिहिणारं जावाचं साधन) उघडला आणि तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. तो उघडताक्षणीच जुना मजकूर पुसतो, तुम्ही एक अक्षरही लिहायच्या आधी. शेवटी भर घालायची तर फाइलच्या नावानंतर ट्रू द्यावं लागतं. त्या रात्री पप्पांनी वहीतले आकडे वाचले, मी पुन्हा टाइप केले.

बाइट (साठवणुकीचं एकक) आणि कॅरेक्टर (अक्षरचिन्ह) यांतला फरक मात्र आपली मराठीच नीट शिकवते. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) फाइलमध्ये फक्त 'केळी' लिहा. एकेक बाइट वाचणाऱ्या फाइलइनपुटस्ट्रीमचं रीड १२ वेळा आकडा देतं, मग उणे १, म्हणजे फाइल संपली. कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि क, मात्रा, ळ, वेलांटी अशी चिन्हं ४. एकेक कॅरेक्टर वाचणारा फाइलरीडर तेच ४ वेळांत वाचतो, पण त्याला यूटीएफ-८ सांगा. जावा १७ मध्ये न सांगितल्यास तो मशीनचं ठरलेलं एन्कोडिंग धरतो आणि विंडोजवर अक्षरांचा चुराडा होऊ शकतो. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं. रीड बाइट न देता इंट (बाइटपेक्षा मोठा पूर्णांक) का देतं, हेही इथेच कळतं: उणे १ ला बाइटाच्या सर्वात मोठ्या किमतीपासून, २५५ पासून, वेगळं ओळखता यायला हवं.

एकेक ओळ वाचणाऱ्या रीडलाइनचा एक सापळा माझ्या वहीत लाल शाईने लिहिलाय. व्हाइल या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या लूपच्या अटीत एकदा आणि आत छापताना पुन्हा रीडलाइन बोलावलं, तर एक आड एक ओळ छापली जाते. ओळी विषम असतील तर शेवटी नल (म्हणजे 'काही नाही') छापलं जातं.

पाथचं (फाइलच्या पत्त्याचं) थोडक्यात: दोन पाथ जोडणाऱ्या रिझॉल्व्हला पूर्ण पाथ दिला तर तोच परत येतो. पाथमधले अनावश्यक ठिपके काढणारं नॉर्मलाइझ डिस्ककडे बघतही नाही; फाइलचा खरा पत्ता शोधणारा टूरिअलपाथ बघतो आणि फाइल नसेल तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतो.

सीरियलायझेशनसाठी (प्रोग्राममधली वस्तू फाइलमध्ये साठवण्यासाठी) भाव ट्रान्झिएंट, म्हणजे न साठवायचा, करून पाहा. वस्तू परत वाचल्यावर क्विंटल जसेच्या तसे येतात, भाव ०.० येतो, आणि त्या क्लासचा (वस्तूच्या साच्याचा) कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू तयार करताना चालणारा कोड, चालतच नाही. मी त्यात छापायची ओळ टाकून पाहिली होती, दुसऱ्यांदा ती उमटली नाही.