इंग्रजी संभाषणातील वाक्प्रचार कसे समजून घ्यावेत

वर्णानुक्रमे छापलेल्या वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो; तो मानू नये. अशा याद्यांत हमखास आढळणारे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडणे) प्रत्यक्ष बोलण्यात क्वचितच कानी पडते. ज्या मंडळींत तुम्हाला वावरायचे आहे त्यांचे बोलणे ऐकावे आणि शब्द ओळखीचे असूनही जे वाक्य प्रसंगाशी जुळत नाही, ते टिपून घ्यावे.

खरी अडचण यापुढे आहे. पूर्णपणे अनोळखी वाक्प्रचार फारसा फसवत नाही, कारण तिथे आपण अडखळतो आणि विचारतो. फसवतो तो ओळखीचा वाटणारा. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे काणाडोळा करणे, ही जोडी नेमकी जुळते आणि आपला विश्वास बळावतो. त्याच विश्वासाने 'पुलिंग माय लेग' ऐकले की पाय ओढणारा, म्हणजे दुसऱ्याला पुढे जाऊ न देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत मात्र ती केवळ थट्टा असते.

माझी फसगत 'टेबल' या शब्दाने झाली. अमेरिकी सहकाऱ्यांबरोबरच्या बैठकीत 'लेट्स टेबल इट' असे ऐकल्यावर, विधिमंडळात कागदपत्रे पटलावर ठेवतात तसा हा विषय दुसऱ्या दिवशी चर्चेला येणार, असे मी गृहीत धरले आणि रात्रभर जागून टिपण तयार केले. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे त्या क्रियापदाचा अर्थ चर्चेसाठी मांडणे असा होतो, अमेरिकेत मात्र बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांत लांबलेल्या कडवट वादाची हकिकत विन्स्टन चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंचे मूळ मुद्द्यावर एकमतच होते.

म्हणून अर्थ कळला असे वाटताच तो साध्या शब्दांत समोरच्याला परत सांगावा: 'सो वी विल नॉट डिस्कस इट टुमॉरो, राइट?' यात कमीपणा मुळीच नाही. मी संकोचाने हे विचारले नाही, तीच माझी चूक होती. आपल्या तोंडच्या वाक्यांबाबतही हीच दक्षता हवी. 'आय पास्ड आउट इन 2015' हे पुण्यात पदवीबद्दल समजले जाते, लंडनमध्ये ऐकणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडला होता असे वाटते.

वहीत संपूर्ण वाक्य, ते कोण कोणाला म्हणाले आणि त्यानंतर काय घडले, एवढे लिहावे. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात 'ब्रिटिश', 'अमेरिकन', 'अनौपचारिक' अशा खुणा असतात. त्या अर्थाआधी पाहाव्यात.

वापरण्याची घाई करू नये. 'किक द बकेट' म्हणजे मरणे हे ठाऊक असले, तरी सांत्वनाला गेल्यावर ते उच्चारायचे नसते. एखादा वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्यावरच तो आपल्या बोलण्यात आणावा.